दगडाचा चुना, चुन्याचा दगड

100 किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घातली आणि ती गाभ्यापर्यंत नीट भाजली गेली, तर बाहेर निघतो 56 किलो चुना. बाकीचे 44 किलो कुठे जातात? दगड काही जळत नाही, त्याची राख होत नाही, तो वितळून वाहूनही जात नाही. भाजलेला खडा साधारण पूर्वीच्याच आकाराचा दिसतो. हातात घेतला की मात्र फसगत झाल्यासारखे वाटते, कारण डोळ्यांनी बांधलेला अंदाज आणि तळव्याला लागलेले वजन यांचा मेळ बसत नाही. खड्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग वायू होऊन उडून गेलेला असतो.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दगडात एवढा वायू कोंडलेला असतो हे पटत नसेल, तर शहाबादी फरशीवर बाथरूम धुण्याचे अॅसिड सांडल्यावर काय होते ते आठवा. फसफसून फेस येतो आणि ती जागा कायमची खरखरीत होते. शहाबादी ही चुनखडीच, आणि तो फेस म्हणजे तिच्यातून सुटलेला हाच वायू. अॅसिड त्याला दोन क्षणांत हुसकावते, भट्टीला त्यासाठी दिवसरात्र तापावे लागते, एवढाच फरक.

चुन्याची सगळी गोष्ट या 44 किलोंची आहे. भट्टीत गमावलेला वायू चुना संधी मिळेल तिथून परत घेतो. भिंतीत घेतो, पेल्यात घेतो, आपल्या श्वासातूनही घेतो. आणि पुरेसा मिळाला की पुन्हा दगड होतो.

मुळात हा दगड येतो कुठून, यातही महाराष्ट्रापुरती एक गंमत आहे. जगातली बहुतेक चुनखडी समुद्रात तयार झाली. शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पाण्यातले कॅल्शियम घेऊन आपली कवचे बनवतात. ती तळाशी साचतात, दाबली जातात आणि लाखो वर्षांनी त्यांचे थर खडक होतात. आपल्या पायाखाली मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेला काळा लाव्हा आहे, मैलोन्‌मैल बसाल्ट. चंद्रपूर-यवतमाळकडे, राजुरा, कोरपना, वणी या पट्ट्यात खरी, फार जुनी चुनखडी आहे आणि आज सिमेंटचे कारखाने तिच्यावर चालतात. पण पुण्या-साताऱ्याकडच्या गवंड्याला ती फार लांबची. मग काळ्या पठारावरच्या देवळांना, वाड्यांना आणि गडांच्या तटांना चुना पुरवला कोणी?

बऱ्याच अंशी काळ्या मातीनेच. ओढ्याकाठची दरड पाहिली की काळ्या मातीत पांढुरके, वेडेवाकडे खडे रुतलेले दिसतात. हे कंकर. बसाल्टमध्ये कॅल्शियम असतेच. मातीतून मुरणारे पावसाचे पाणी मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलते, जरासे आम्ल होते आणि खडकातले कॅल्शियम कणाकणाने सोडवून घेते. उन्हाळ्यात ते पाणी आटते तेव्हा मागे उरते ते कॅल्शियम आणि तोच वायू यांचे संयुग, म्हणजे चुनखडी. ज्वालामुखीने ओतलेल्या काळ्या खडकातून पांढरा चुना निघतो, तो असा, हजारो पावसाळे खपल्यावर.

शेतकऱ्याला या खड्यांचे अर्थातच काही कौतुक नाही. चुनखडीच्या रानात ऊस नाहीतर भुईमूग पिवळा पडतो. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि लोक म्हणतात, केवडा पडला. जमिनीत लोह भरपूर असते, पण चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते आणि मुळांच्या हाती लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात कंकरांचे काम शिंपल्यांनी केले. खाडीकाठी शिंपल्यांचे ढीग भाजून केलेला चुना अतिशय पांढरा निघतो, आणि जांभ्याच्या सच्छिद्र भिंतींना चार महिन्यांच्या पावसापासून वाचवायला त्याच्या गिलाव्याइतके चांगले पांघरूण तेव्हा दुसरे नव्हते. मुंबईच्या हार्बर मार्गावर शीवच्या शेजारी चुनाभट्टी नावाचे स्टेशन आहे. तिथल्या भट्ट्या केव्हाच विझल्या, नाव तेवढे इंडिकेटरवर रोज झळकते.

भट्टीची कृती सांगायला सोपी आहे. दगडाचा थर, कोळशाचा किंवा लाकडाचा थर, पुन्हा दगड, आणि खालून आग. आतले तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले पाहिजे आणि सुटलेला वायू वरून निघून गेला पाहिजे. अवघड असते ते प्रमाण राखणे. आच कमी पडली तर खड्याच्या पोटात कच्चा दगड राहतो. जास्त झाली तर चुना इतका घट्ट भाजला जातो की पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. असा करपलेला एखादा कण गिलाव्यात राहून गेला, तर तो काही महिन्यांनी जागा होतो, ओल शोषतो, फुगतो आणि भिंतीचा टवका उडवतो. जुन्या गवंड्यांचा चुन्यावर चटकन विश्वास बसत नसे, तो यामुळे.

भट्टीतून निघतो तो कळीचा चुना. हा वितळवायचा म्हटले तर अडीच हजार अंशांच्याही वर जावे लागते. त्याच्या या चिवटपणाचा एक वेगळाच उपयोग झाला. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा धरला की तो वितळत नाही, डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाने झळाळतो. थॉमस ड्रमंड या अभियंत्याने 1825 साली आयर्लंडच्या भूमापनात हा दिवा वापरला. एका डोंगरावर लावलेला उजेड सुमारे 100 किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगरावरून दिसला. पुढे लंडनच्या नाटकगृहांनी तो उचलला आणि विजेचे दिवे येईपर्यंत तिथल्या नटांच्या तोंडावर चुन्याचाच उजेड पडत होता. आज बातम्यांत कुणी लाइमलाइटमध्ये आला असे आपण वाचतो, तेव्हा तो नकळत चुन्याच्याच उजेडात उभा असतो.

पण कळीच्या चुन्याचा खरा तमाशा पाहायचा तो पाणी घातल्यावर. दिवाळीच्या आधी घराला सफेदी करायची म्हणून अंगणात लोखंडी पिंपात चुना भिजत घालत, ते ज्यांनी लहानपणी पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पाणी ओतल्यावर क्षणभर काहीच घडत नाही. खडे पाणी पितात, बारीक बुडबुडे येतात. मग कुठेतरी ‘टच्’ असा आवाज होतो आणि एका खड्याला तडा जातो. त्या तड्यातून पाणी आत शिरते, आणखी तडे जातात, वाफ निघू लागते, आणि बघता बघता पिंप खदखदायला लागते. कडेचे पत्रे हात लावू देत नाहीत. चूल नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळते आहे! मुलांना लांब पिटाळले जाई ते उगीच नाही. उसळलेला एक थेंब कातडीवर पडला तर आधी उष्णतेने भाजतो आणि मग क्षाराने.

ही उष्णता किती, तर एक किलो चांगल्या कळीच्या चुन्यातून निघणारी सगळी उष्णता वाया न घालवता वापरली, तर तिच्यावर साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. ती कुठून आली? भट्टीने जी ऊर्जा खर्चून दगडातला वायू बाहेर काढला, तिचाच एक हिस्सा चुन्याने राखून ठेवलेला असतो आणि तो पाण्याच्या हवाली होतो. उकळायला हवे असलेले पाणी महिनाभर आधी, मैलभर दूर, भट्टीतच तापवून ठेवल्यासारखे झाले. कळीचा चुना गलबतावर किंवा गोदामात भिजून आगी लागत, त्याही याचमुळे.

खदखद थांबली की खाली राहतो तो विरी गेलेला चुना, लोण्यासारखा मऊ. 56 किलो कळीच्या चुन्याने 18 किलो पाणी स्वतःत सामावून घेतलेले असते. वरचे जास्तीचे पाणी म्हणजे चुन्याचे पाणी, आणि ते हलू न देता ठेवून त्यावर आलेला स्वच्छ भाग म्हणजे आजीच्या औषधांतली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी.

निवळी दिसते साध्या पाण्यासारखी आणि वागते अगदीच विचित्र. एक लिटर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम पावणेदोन ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही. पण तेवढ्याने पाण्याचा पीएच 12 च्या वर जातो. आता ही निवळी तापवा. साखर, मीठ, तुरटी हे सगळे गरम पाण्यात जास्त विरघळतात, निदान कमी तरी होत नाहीत. चुना उलट्या स्वभावाचा. पाणी उकळीला येईपर्यंत त्याची विरघळण्याची क्षमता निम्म्याहून कमी होते आणि स्वच्छ निवळी आचेवर गढूळ दिसू लागते.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग पुढचा आहे. पानवाल्याकडचा हरभऱ्याएवढा चुना काचेच्या भांड्यात पेलाभर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचे नितळ पाणी अलगद दुसऱ्या पेल्यात काढून घ्या. त्यात साध्या सोड्याच्या बाटलीतला चमचाभर सोडा घाला. पेला दुधाळ होतो. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला मिळाला आणि पाण्यात न विरघळणाऱ्या चुनखडीचे अतिसूक्ष्म कण जन्माला आले. डोळ्यांसमोर दगड तयार झाला, फक्त पीठ होऊन. पण इथे थांबू नका. सोडा घालत राहा, पेलाभर निवळीला पेलाभर सोडा झाला तरी चालेल. दुधाळपणा हळूहळू विरतो आणि पाणी पुन्हा नितळ होते. जो वायू चुन्याचा दगड करतो, तोच जास्त झाला की दगड विरघळवतो. आता हे नितळ पाणी पातेल्यात उकळा. जास्तीचा वायू उडतो आणि गढूळपणा परत हजर.

पृथ्वीवरच्या चुनखडीच्या गुहा म्हणजे हाच पेला, मोठ्या मापाचा. वायू घेतलेले पावसाचे पाणी दगड विरघळवत खाली उतरते आणि गुहेच्या छतातून ठिबकताना वायू सोडते, म्हणजे दगड मागे ठेवते. आंध्रातल्या बोरा गुहेत छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून उगवलेले सुळके पाहायला लोक रांगा लावतात. त्यांच्या घरी बोअरचे पाणी तापवणाऱ्या गिझरमध्ये साठलेला पांढरा थर त्याच जातीचा असतो, पण तो पाहायला कोणी जात नाही.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या उड्डाणपुलाखाली मान वर करून पाहा. जिथे स्लॅब गळतो तिथे पेन्सिलीएवढे, आतून पोकळ पांढरे सुळके लोंबत असतात. सिमेंट घट्ट होताना त्यातही विरी चुना तयार होतो. गळणारे पाणी त्याची निवळी करून खाली आणते, टोकावरचा थेंब हवेतला वायू घेतो आणि कड्याकड्याने दगड होतो. गुहेतल्या सुळक्याला बोटभर वाढायला जिथे शतके लागतात, तिथे हे काही वर्षांत वाढतात. सोसायटीच्या बैठकीत मात्र त्याला ‘लीकेज’ एवढेच म्हणतात.

आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांच्या आसपास असतो, मोकळ्या हवेच्या सुमारे शंभरपट. म्हणून नळीतून निवळीत फुंकर घातली की ती मिनिटाभरात दुधाळ होते, आणि नुसती उघडी ठेवली तर सावकाश, वरून पातळ, ठिसूळ पापुद्रा धरते. हे प्रथम नीट उलगडले ते जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने, 1750 च्या दशकात. त्या काळी मूतखड्यावर चुन्याची निवळी पाजत, आणि ती शिंपल्याच्या चुन्याची चांगली की दगडाच्या, यावर एडिंबरातल्या दोन प्राध्यापकांचे कडाक्याचे भांडण जुंपले होते. तरुण ब्लॅकने त्यात न पडता चुन्याच्या नात्यातला दुसरा एक पदार्थ, मॅग्नेशिया, निवडला आणि त्या काळी रसायनशास्त्रात फारसे कोणी नेटाने न केलेले काम केले. तापवण्याआधी आणि नंतर तो प्रत्येक गोष्ट तराजूत घालत गेला. वजन घटत होते, म्हणजे काहीतरी निघून जात होते. हवा ही एकच एक वस्तू नाही, तिच्याहून वेगळे, दगडात बांधून ठेवता येणारे वायू असतात, हे त्यातून कळले. पुढे त्याने ग्लासगोतल्या एका चर्चच्या छतातल्या झरोक्यात, प्रार्थनेला गर्दी जमलेली असताना, चिंध्यांवर निवळी ठिबकत ठेवली. खालच्या भक्तांच्या उच्छ्वासाने तिची चुनखडी होऊन गेली. मूतखडा बरा झाला की नाही हा प्रश्न तसाच राहिला, पण आधुनिक रसायनशास्त्राचा पाया त्या भांडणाच्या कडेला घातला गेला.

भिंतीत हेच सगळे घडते, फक्त अतिशय संथ. चुना आणि वाळूचा गारा दगडांत भरला की आधी तो सुकतो, आणि मग हवेतला वायू घेत वर्षानुवर्षे कठीण होत जातो. जाड तटाच्या पोटात वायू पोचायला इतका वेळ लागतो की आतला चुना कित्येक दशके मऊ राहू शकतो. यावर तोड म्हणून गाऱ्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घालत. विटेतली सिलिका चुन्याशी थेट जुळते आणि हवेवाचून, अगदी पाण्याखालीसुद्धा, घट्ट होते. शिवाय गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असा मालमसाला असे. यातले सगळेच पारखून घेतलेले होते असे म्हणण्याचा मोह मी टाळतो, पण गुळाचे कारण तरी स्पष्ट आहे. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, त्यामुळे गारा लवचीक होतो आणि बारीकसारीक फटींत शिरतो.

सह्याद्रीतल्या अनेक गडांवर दगडात कोरलेली किंवा बांधलेली गोल चर आणि शेजारी पडलेले भोक पाडलेले दगडी चाक दिसते. ते तेलाचे नव्हे. तो चुन्याचा घाणा. बैल किंवा रेडे ते चाक गोल फिरवत आणि खाली गारा घोटला जाई, कधी दिवसचे दिवस. पुढच्या खेपेला गडावर गेलात तर त्या चाकाशेजारी फोटो काढा, पण आधी तटाच्या सांध्यावर नखाने ओरखडून पाहा. नखच झिजेल.

सफेदीचेही तसेच. ओला हात भिंतीवर फिरवला की खालचा रंग दिसत राहतो आणि नवशिक्या आणखी दाट फासतो. जुना रंगारी थांबतो. पाणी उडून चुना वायू घेऊ लागला की तीच भिंत दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र होते. त्यात जराशी नीळ टाकली की पिवळट झाक मरते. हा रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच पातळ दगडी थर होतो, आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकते. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावून ओल कोंडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत चुन्याची करामत मला सगळ्यात मजेशीर वाटते. जड पाण्यातला चुना काढायचा असेल तर त्यात चुना घाला! अॅबर्डीनच्या थॉमस क्लार्कने 1841 साली या युक्तीचे पेटंट घेतले. जड पाण्यात चुनखडी विरघळून राहते ती जास्तीच्या वायूच्या जोरावर. मोजून घातलेला विरी चुना तो जास्तीचा वायू खाऊन टाकतो आणि मग जुना-नवा दोन्ही चुना तळाशी बसतो. ग्रामपंचायतीचा पाणीवाला टाकीत जी टीसीएल पावडर टाकतो, तीही विऱ्या चुन्याला क्लोरीन पाजून केलेली. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 साली तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. गावाचे पाणी ती नंतर राखू लागली.

स्वयंपाकघरात आणि गुऱ्हाळात चुना थोडक्यात आटोपतो. कोहळ्याच्या फोडी किंवा मोरावळ्याचे आवळे काही घरांत आधी चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. फळाच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट बांधते, त्यामुळे पाकात उकळूनही फोड मोडत नाही. उसाचा रस आंबट असतो आणि आंबटपणात साखर फुटते, मग गूळ बसत नाही. म्हणून गुळव्या काहिलीत बेताने चुना सोडतो. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो आणि बाजारात भाव पडतो, त्यामुळे त्याचा हात सुटत नाही. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यावरचे केस काढायलाही चुनाच. आणि मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. मक्यातले नायासिन नावाचे जीवनसत्त्व एरवी पोटाला लागत नाही, चुना ते मोकळे करतो. युरोपने मका उचलला आणि चुना तिथेच सोडला. मक्यावरच जगणाऱ्या इटलीच्या आणि स्पेनच्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलली जाऊ लागली, बुद्धी भ्रमू लागली, आणि कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

शेतातल्या चुन्याची गोष्ट मात्र जरा निवांत सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे जाणारे-येणारे तोडून खात, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळे डाग पाहून चोर बिचकत. 1880 च्या दशकात डाऊनी रोगाने मळेच्या मळे जळाले तेव्हा प्राध्यापक मिलार्दे यांना दिसले की रस्त्याकडेच्या या डागाळलेल्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. बोर्डो मिश्रण जन्माला आले ते असे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला आणि विदर्भातल्या संत्रेवाल्याला हे नाव घरचे आहे. 1 टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लास्टिकच्या किंवा लाकडी भांड्यात, आणि ढवळत ढवळत एकत्र करायचे. मग परीक्षा. लखलखीत विळा किंवा खिळा मिश्रणात बुडवून काढायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते पाने जाळील, आणखी निवळी घाला. विळा स्वच्छ निघाला तर पंप भरा. प्रयोगशाळेतली उदासिनीकरणाची परीक्षा बांधावर एका विळ्याने होते.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या उंच झाडांवर चढून कोळरोगासाठी हेच मिश्रण फवारतात. चुना सुपारीला झाडावर राखतो आणि पुढे विड्यात तिच्याशीच गाठ पडते.

तिथे त्याचे रसायन वेगळे. हळदीला चुना लागला की ती लालभडक होते, कारण तिच्यातले कुरकुमिन क्षारात रंग बदलते. हळदीचे कुंकू पिढ्यान्‌पिढ्या अशाच क्षाराच्या जोरावर लाल होत आले आहे. विड्यातला कातही चुन्यानेच लाल होतो, आणि रंगलेल्या ओठांचे श्रेय पानाला जाते. पण चुना नुसता रंगवत नाही. तो तोंडात क्षार करतो आणि त्यामुळे तंबाखूतले निकोटिन ज्या रूपात गालाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात शिरते त्या रूपात येते. तंबाखूला चुना मळण्याचे कारण एवढेच. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली निःसंदिग्ध सांगितले आहे.

चुन्याच्या नावाने एक फसवणूक फोनवरही फिरते. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, हाडे लोखंडासारखी होतील. हिशोब करू. चुना निवळी करून घेतला, तर चमचाभर निवळीत कॅल्शियम असते 5 मिलिग्रॅमहून कमी. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅम. पेलाभर दुधात दोनशेच्या वर सहज मिळते, आणि नाचणी, तीळ आहेतच. विरी चुना थेट जिभेवर घेतला तर तोंड पोळते, हे पान खाणाऱ्या कुणालाही विचारा. भाजल्यावर निवळी आणि खोबरेल तेल घोटून लावायची जुनी रीतही आता सोडावी. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी वीसेक मिनिटे वाहू देणे कितीतरी बरे.

आणि एक गोष्ट मात्र कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा ट्यूब लहान मुलांच्या हाती देऊ नका. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. नेत्ररुग्णालयांत असे मूल येणे दुर्मीळ नाही, आणि त्यातल्या काहींची दृष्टी परत येत नाही. अॅसिडपेक्षा क्षार डोळ्यात जास्त खोल जातो, आणि पापणीखाली अडकलेला चुन्याचा कण विरघळत राहून पुन्हा पुन्हा भाजतो. असे झालेच तर डोळा चोळू नका, दवाखान्याकडे धावायच्या आधी नळ सोडा. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान अर्धा तास भरपूर पाण्याने डोळा धुवा, पापणीच्या आतली बाजूही, आणि मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.